मागून नेलेली गाडी आणि तेलाचा माग



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रात घरची गाडी घरी राहत नाही. कुणाची जीप तोडणीच्या टोळीचा बाजार आणायला जाते, कुणाचा ट्रॅक्टर चुलतभावाच्या ट्रॉल्या ओढतो, कुणाची नवी मोटार भाच्याच्या हळदीला. शेजारधर्म आहे, भावकी आहे, आणि ‘नाही’ हा शब्द आपल्या जिभेला जड जातो. ‘मामा, किल्ली द्या की वाईच. पाव्हण्यास्नी ष्ट्यांडवर सोडून आलोच बघा,’ असे कुणी दारात येऊन म्हटले की खुंटीवरची किल्ली निघालीच. तो शुद्धीवर आहे काय, त्याच्यापाशी परवाना आहे काय, हे विचारणे म्हणजे त्याचा पाणउतारा असे आपण समजतो. मग रात्री अकरा वाजता फोन येतो. गाडी चरात पडली आहे, एक सायकलवाला जखमी आहे, आणि चालवणारा कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही.

उसाचा हप्ता, खोडवा, खताचे डोस हे विषय सोडून आम्ही ही गोष्ट का काढली, असे वाटेल. परंतु एका रात्रीत एकरभर उसाचे बिल जाऊन वर शेत गहाण पडावे, असा हा विषय आहे. तेव्हा सभासदांनी निवांत बसून, चहा घेत का होईना, हे वाचावे. वाचता येत नसलेल्या शेजाऱ्यालाही वाचून दाखवावे.

आधी दिल्लीची हकिगत सांगतो. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, म्हणून तिच्यातील बहुतेक गोष्टी कागदोपत्री नोंदल्या गेल्या आहेत.

१० जानेवारी १९९९. पहाटेची वेळ, थंडीचे दिवस. दिल्लीच्या लोदी रोड भागात पोलिसांची नाकाबंदी होती. एक परदेशी बनावटीची बीएमडब्ल्यू मोटार भरधाव आली आणि नाकाबंदीवर उभ्या असलेल्या माणसांवर गेली. सहा जण मेले. त्यांतले तीन पोलीस शिपाई होते. एक जण जखमी होऊन वाचला. गाडी पुढे जाऊन थांबली, आतले तरुण उतरले, काय झाले ते त्यांनी पाहिले, आणि पुन्हा बसून निघून गेले. रस्त्यावर पडलेल्यांना दवाखान्यात न्यावे, निदान कुणाला कळवावे, हे कुणी केले नाही.

आता पोलिसांनी काय करावे? पहाटेची वेळ, गाडी गेलेली, रस्त्यावर माणसे पडलेली. पण गाडीनेच आपला माग मागे ठेवला होता. धडकेत गाडीचे तेल गळू लागले होते आणि त्याची रेघ रस्त्यावर उमटत गेली होती. पोलीस अधिकारी त्या रेघेवरून निघाले. ती रेघ त्यांना गोल्फ लिंक्स या धनिकांच्या वस्तीतील एका बंगल्याच्या दारात घेऊन गेली. आत तीच गाडी उभी होती आणि नोकरमाणसे ती धूत होती. म्हणजे आणखी थोडा वेळ गेला असता तर पुष्कळ काही पाण्याबरोबर वाहून गेले असते. आपल्याकडे रानात गुराचा, रानडुकराचा माग काढणारी जुनी माणसे असत. त्यांनी वाकून माती पाहावी आणि ‘हिकडनं गेलंय’ म्हणावे. दिल्लीच्या डांबरी सडकेवर पोलिसांनी त्या पहाटे तेच केले. यंत्र नाही, कॅमेरा नाही. डोळे उघडे ठेवले आणि वेळ दवडला नाही, एवढेच.

गाडी चालवणारा तरुण एका नामांकित घराण्यातला होता. त्याच दिवशी त्याच्या रक्ताचा नमुना घेतला गेला. त्यात १०० मिलिलीटर रक्तामागे ११५ मिलिग्रॅम मद्यार्क निघाला. कायद्याने ३० मिलिग्रॅमच्या वर गेले की चालवणारा दोषी ठरतो. म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट.

इतका धडधडीत पुरावा असताना खटला वर्षभरात उरकला असेल असे वाटेल. तसे काही झाले नाही. साक्षीदार फिरले. ‘मोटार नव्हे, ट्रक होता’ असेही न्यायालयात सांगून झाले. २००७ साली तर एका दूरचित्रवाणी वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने असे चित्रण दाखवले, की ज्यामुळे सरकारी वकील आणि आरोपीचा वकील या दोघांवरही न्यायालयाच्या अवमानाची कारवाई झाली. सत्र न्यायालयाने २००८ साली पाच वर्षांची शिक्षा दिली. २००९ साली उच्च न्यायालयाने ती दोन वर्षांवर आणली. ३ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा सदोष मनुष्यवधाचाच ठरवला. पण भोगलेली शिक्षा पुरेशी मानून ५० लाख रुपये भरायला लावले आणि दोन वर्षे समाजसेवा करण्यास सांगितले. हे ५० लाख कशासाठी? ज्या अपघातांत ठोकणारी गाडी सापडतच नाही, अशा अपघातग्रस्तांच्या भरपाईसाठी. साडेतेरा वर्षे गेली. शिक्षा पुरेशी झाली की नाही, यावर दिल्लीत तेव्हा पुष्कळ वाद झाला. आमच्या मते सहा जिवांच्या मानाने ती हलकीच होती. पण एवढे साक्षीदार फिरूनही खटला शेवटपर्यंत उभा राहिला, तो त्या पहाटे पुढे गेलेल्या पावलांमुळे. तेलाच्या रेघेला कुणी उलट साक्ष द्यायला लावू शकत नाही.

आता आपल्याकडे या.

आपल्या तालुक्यातील रात्रपाळीचा हवालदार गाडी पडल्याच्या जागी पोहोचतो तेव्हा बहुधा चालवणारा पळालेला असतो. पळण्याचे कारण एकच नसते. लोक मारतील ही भीती असते, आणि ती खोटी नाही. पण प्यालेला माणूस पळतो त्यामागे दुसरा एक हिशेब असतो: ‘सकाळपर्यंत उतरंल, मग हजर होऊ.’ हा हिशेब तो स्वतः करतो असे नाही. घरातला शहाणा करतो. ‘आता ठाण्यावर जाऊ नगंस, रानातल्या वस्तीवर झोप. ताक दे रं त्याला. लिंबू पिळ.’ असा हा सल्ला.

त्या शहाण्याला एक सांगावेसे वाटते. ताकाने, लिंबाने, आंघोळीने किंवा काळ्या कॉफीने रक्तातली दारू कमी होत नाही. ती काढण्याचे काम यकृताचे, आणि ते आपल्याच गतीने चालते. साधारणपणे तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास, माणसागणिक थोडे कमी-जास्त. रक्तात १०० मिलिग्रॅम असेल, तर ३० च्या खाली यायला साडेचार-पाच तास लागतात. म्हणून पोलिसांच्या दृष्टीने पहिले पाच-सहा तास सोन्यासारखे. चालवणारा त्या वेळात हाती लागला तर तोंडाने फुंकायच्या यंत्राने तपासणी होते, आणि डॉक्टरकडून रक्त घेतले जाते. रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसायची नसते, नाहीतर त्याचाच अंश नमुन्यात आला असा बचाव होतो. बाटलीत सोडियम फ्लोराइड घालतात, म्हणजे रक्त आंबून आकडा बदलत नाही. सील होते, सही होते, नमुना न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातो. काट्यावर आपल्या गाडीचे वजन झाल्यावर पावती जशी आपण नीट बघून घेतो, तशीच ही साखळी. एक कडी निसटली की वजनावर वाद. पुण्यात १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, त्या प्रकरणात रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचलेच आहे. त्यावर अधिक भाष्य करण्याची ही जागा नव्हे.

चालवणारा त्या वेळात सापडला नाही तर सुटला, असेही नाही. रिकाम्या गाडीतसुद्धा वाचण्यासारखे पुष्कळ असते. बसायची सीट किती मागे सरकवलेली आहे, यावरून चालवणाऱ्याच्या उंचीचा अंदाज येतो. स्टिअरिंगवरचे, काचेवरचे रक्त. पायाशी राहिलेली एक चप्पल. धाब्याची पावती. गाडी पळून गेली असेल तर रस्त्यावर पडलेल्या दिव्याच्या काचा, रंगाचे टवके, आरशाचा तुकडा. यावरून गाडीची जात कळते, आणि मग दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्यांकडे चौकशी सुरू होते की कालपासून पुढचा दिवा बदलायला कोण आले. हल्ली पेट्रोल पंप, टोलनाका, बँक, सोन्याचे दुकान, एवढेच काय दूध डेअरीवरही कॅमेरे आहेत. नंबर मिळाला की परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या नोंदीतून मालकाचे नाव मिनिटात निघते.

आणि मग पोलीस येतात ते मालकाच्या दारात. चालवणाऱ्याच्या नव्हे.

रात्री दोन वाजता अंगणात बॅटरीचा उजेड पडतो. ‘ही गाडी तुमची का?’ ‘व्हय जी.’ ‘कुणाकडं होती?’ या एका प्रश्नावर पुढचे पुष्कळसे अवलंबून आहे, म्हणून आम्ही त्यावर जरा थांबतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३३ प्रमाणे, आपली गाडी गुन्ह्यात सापडली असेल तर ती कोण चालवत होता, त्याचे नाव, पत्ता व परवान्याची माहिती अधिकाऱ्याने मागितल्यावर देणे मालकावर बंधनकारक आहे. ‘मला ठाऊक नाही’ हे उत्तर चालत नाही. माहीत नसेल तर योग्य काळजी घेऊनही कळू शकले नाही, हे दाखवावे लागते. आता मालकाच्या मनात काय चालते? ज्याने गाडी नेली तो मेव्हणा. त्याचे लग्न गेल्या वैशाखात झालेले. बहिणीचा संसार. तोंडाला येते ते असे: ‘गाडी चोरीला गेली साहेब.’ किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या दिवशी घरच्या ड्रायव्हरला ठाण्यावर हजर करून ‘हाच चालवत होता’ म्हणणे. सालगड्याला, ड्रायव्हरला पाच-पन्नास हजार देऊन असा गुन्हा डोक्यावर घ्यायला लावण्याचे प्रकार घडतात. त्या गड्याचे फोनचे ठिकाण त्या वेळी भलतीकडे असते, धाब्याच्या कॅमेऱ्यात चेहरा दुसऱ्याचाच असतो, आणि मग अपघाताच्या एका गुन्ह्याचे तीन गुन्हे होतात: खोटी माहिती देणे, पुरावा नाहीसा करणे, आरोपीला आसरा देणे. आसरा देण्याच्या गुन्ह्यात कायद्याने सूट दिली आहे ती फक्त नवरा-बायकोला. भाऊ, मामा, सासरा यांना नाही. रानातल्या वस्तीवर मेव्हण्याला झोपवणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

एक कलम तर फारच थोड्यांना ठाऊक असते. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल कलम १८५ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. हे २०१९ च्या दुरुस्तीने वाढलेले आकडे. पण त्यानंतरचे कलम १८८ सांगते की या गुन्ह्याला जो साथ देईल त्यालाही तीच शिक्षा. समोरचा झुलतो आहे हे दिसत असताना किल्ली हातात ठेवणे म्हणजे नुसता भिडस्तपणा नाही. परवाना नसलेल्याला गाडी दिली तर वेगळे कलम. आणि अठरा वर्षांखालील पोराच्या हाती दिली, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. हंगामात दहावीतली पोरे ट्रॅक्टरवर बसून गव्हाणीपर्यंत येतात आणि बाप कौतुकाने बघतो. पोरगं हुशार आहे खरे, पण कलम हुशारी बघत नाही.

हे झाले फौजदारीचे. खरा मार बसतो तो भरपाईच्या दाव्यात, आणि तिथे ‘मी कुठं चालवत होतो?’ हे म्हणणे उपयोगी पडत नाही. गाडी खुशीने, मालकाच्या परवानगीने नेली असेल, तर जखमीचे किंवा मृताचे वारस दावा करताना मालकालाही पक्षकार करतात. विमा चालू असेल तर कंपनी त्रयस्थ माणसाची भरपाई भरते. मात्र चालवणारा प्यालेला होता किंवा त्याच्याकडे परवाना नव्हता असे ठरले, तर पुष्कळ प्रकरणांत न्यायाधिकरण हुकूम करते की कंपनीने आधी भरावे आणि नंतर मालकाकडून वसूल करावे. मृत माणूस कमावता, वय तीस-पस्तीस, मागे बायको-पोरे असली की रक्कम लाखांत सहज जाते. ती वसुली सात-बाऱ्यापर्यंत येऊ शकते. आणि ज्याच्या गाडीचा विमाच संपला आहे, त्याला तर सगळे पदरचेच.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे तर विचारूच नका. दिल्लीतच डिसेंबर २००७ मध्ये एका कंपनीच्या मालकीची पोर्श मोटार दुसराच माणूस चालवत असताना इंडिया गेटजवळ उलटली आणि पेटली. विमा कंपनीने पैसे नाकारले, कारण चालवणारा प्यालेला होता. रक्ताचा आकडा त्या प्रकरणात उपलब्ध नव्हता. ग्राहक आयोगाने गाडीमालकाच्या बाजूने निकाल दिला होता. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. तोंडाला आलेला वास, मोकळ्या रस्त्यावर गाडी कशी उलटली याची परिस्थिती, या सगळ्यांवरून निष्कर्ष काढता येतो, असे म्हटले. तेव्हा ‘रक्त घेतलंच न्हाई, मग काय शाबीत करत्यात?’ या भरवशावर कुणी राहू नये.

आणखी एक खटला आपल्या अगदी दाराशी शोभणारा आहे. इलकल हे गाव लुगड्यांमुळे आपल्या घराघरांत ठाऊक. एका गृहस्थाने तिथून आपल्या गावी जाण्यासाठी एकाची मोटारसायकल मागून घेतली. पुढे लोखंडी पत्रे भरलेली बैलगाडी चालली होती. ती अचानक थांबली आणि हा मागून जाऊन आदळला व मरण पावला. दारूचा इथे प्रश्न नव्हता. वारसांनी मोटारसायकलीच्या विम्यातून भरपाई मागितली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गाडी मागून घेणारा हा मालकाच्याच जागी उभा राहतो, त्यामुळे ठराविक तक्त्याप्रमाणे मिळणारी भरपाई त्याच्या वारसांना त्या विम्यातून मागता येणार नाही. अन्य कलमाखाली काही मिळते का ते पाहण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत पाठवले. म्हणजे बघा, मागून नेलेल्या गाडीवर रस्त्यावरचा वाटसरू मेला तर त्याला त्रयस्थ म्हणून संरक्षण आहे. पण मागून नेणारा स्वतः गेला, तर त्याच्या घरच्यांचे हाल. आपण मित्राला गाडी देतो तेव्हा त्याच्यावर उपकार करतो असे वाटते. त्याची बायको-पोरे कुठे उभी राहतील हा विचार त्या वेळी ना त्याच्या मनात असतो ना आपल्या. वैयक्तिक अपघात विमा त्याने स्वतःचा वेगळा काढला असेल तर गोष्ट निराळी.

जाता जाता, गाडी विकून टाकलेल्यांनाही सांगणे आहे. पैसे घेतले, किल्ली दिली, पण नोंदणी पुस्तकावरचे नाव बदलले नाही, असे आपल्याकडे सर्रास चालते. जुना ट्रॅक्टर तीन हात फिरून चौथ्या गावात नांगरतो आहे आणि कागदावर नाव अजून आपले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात स्पष्ट केले, की गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. पोलीस मध्यरात्री येतात ते त्या नावाकडेच.

तर मग दारात बॅटरीचा उजेड पडल्यावर काय करायचे? गाडी कुणाला, किती वाजता, कशासाठी दिली ते जसेच्या तसे सांगावे. नेणाऱ्याला फोन लागत असेल तर ठाण्यावर हजर राहायला सांगावे. पळून जा म्हणू नये, आणि त्याला लपवण्याच्या भानगडीत पडू नये. कायद्याने चालकाने जखमीला दवाखान्यात नेण्याची आणि लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, पोलिसांना कळवण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. जमाव अंगावर येत असेल तर जागेवरून हलून थेट जवळचे ठाणे गाठावे. त्याला कुणी पळाला म्हणत नाही. विम्याच्या कंपनीला त्याच दिवशी कळवावे. नोंदणी पुस्तक, विमा, चालवणाऱ्याच्या परवान्याची नक्कल एका पिशवीत ठेवावी. ज्यांची गाडी वरचेवर बाहेर जाते अशांनी परवान्याचा फोटो आधीच घेऊन ठेवला तर उत्तमच. ‘परवाना दाखीव आणि मग किल्ली घे’ असे पाहुण्याला म्हणायला जीभ रेटत नसेल तर विमा कंपनीच्या नावावर खपवावे. ‘इमावाल्यानं सांगितलंय बाबा, माझा नाइलाज हाय’ म्हटले की कुणाचा मान जात नाही.

राहिली रस्त्यावरची माणसे. आपल्या उसाची बैलगाडी पहाटे तीन-चारला जुंपली जाते. तोडणीवाल्यांच्या कोप्या कित्येक ठिकाणी सडकेच्या कडेला असतात. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा एका मोटारीखाली जीव गेला. चालवणाऱ्याच्या रक्तात ११२ मिलिग्रॅम निघाले. ती माणसेही कामासाठी आपले गाव सोडून आलेली, आपल्याकडच्या टोळ्यांसारखीच. त्या खटल्यात तीन वर्षांची शिक्षा जानेवारी २०१२ मध्ये कायम झाली, कारण चालवणारा जागेवर सापडला होता.

तो सापडला नाही तर काय फरक पडतो, हे आकड्यांत सांगतो. गाडी सापडली तर मृताचे वय, कमाई, मागे असलेली माणसे यांचा हिशेब करून न्यायाधिकरण भरपाई ठरवते. गाडी सापडलीच नाही तर वारसांना सरकारी योजनेतून ठराविक रक्कम मिळते. १९८९ च्या योजनेत ती मृत्यूसाठी २५,००० आणि गंभीर दुखापतीसाठी १२,५०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती दोन लाख आणि ५०,००० झाली. तेलाच्या रेघेमागे चालत जाणाऱ्या पोलिसाच्या पावलांची किंमत त्या विधवेला विचारावी.

ही दोन लाखांची रक्कमही आपोआप घरी येत नाही. अर्ज करावा लागतो, आणि तो अपघात ज्या तालुक्यात झाला तिथल्या प्रांतांकडे किंवा तहसीलदारांकडे. मंजुरी जिल्हाधिकारी देतात. पुढे गाडी सापडून दाव्यात भरपाई मिळाली तर ही रक्कम त्यातून परत करावी लागते. आता बीडकडचे, जतकडचे कुटुंब, कर्ता माणूस आपल्या हद्दीत गेला, हंगाम संपताच टोळी गावाला परतली. त्या बाईने अर्ज करायचा तो आपल्या तालुक्याला येऊन. तिला कुणी सांगितलेले नसते, आणि मुकादमालाही बहुधा ठाऊक नसते. तेव्हा ज्या सभासदाच्या उसावर टोळी आहे त्याने आणि गट कार्यालयाने, असा प्रसंग आलाच तर टोळी हलण्याआधी फिर्यादीची नक्कल, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वारसांचे आधार व बँकेचे पासबुक एवढे कागद जमवून अर्ज तहसील कचेरीत देऊन पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.